लाल ठिपका, धार्मिक, निरुपद्रवी

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या मुलीनं तिचे सगळे गेम विकले आणि त्या बदल्यात प्रवेश परीक्षेची पुस्तकं घेतली. या वर्षी जूनमध्ये तिनं ती पुस्तकं विकायला काढली. दुकान तेच, खातं तेच, फक्त माल उलट दिशेनं निघाला. त्या आठवड्यात मी घरात एका जागी दहा मिनिटं बसलो असेन तर शपथ.

दुकान म्हणजे रस्त्यावरचं नव्हे, फोनमधलं. वापरलेले गेम, सिनेमाच्या डीव्हीडी, पुस्तकं असं सगळं ते घेतात. मागच्या बारकोडवर कॅमेरा धरला की भाव दिसतो. वस्तूची अवस्था कशी आहे ते आपण लिहायचं, खोकं भरून ठेवायचं, त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो. शहराच्या टोकाला, के. आर. पुरमच्या पलीकडे कुठंतरी त्यांचं गोदाम आहे, तिथं तपासणी होते आणि पसंत पडलेल्या मालाचे पैसे मिळतात. रोख हवे असतील तर कमी. त्याच दुकानात खर्च करायचं क्रेडिट घेतलं तर पंचवीस टक्के जास्त. मी अर्थातच क्रेडिट घेतलं. पंचवीस टक्के सोडून देणारा माणूस मी नाही. एकदा क्रेडिट घेतलं की माणूस त्याच दुकानात गोल गोल फिरत राहतो, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. पण अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, आणि मी त्या वाचल्याही होत्या.

मी एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. यंत्रांचे सुटे भाग येतात, मी मोजतो आणि तीनपैकी एक शिक्का मारतो: पास, दुरुस्ती किंवा बाद. निम्म्याहून जास्त आयुष्य यातच गेलं. त्यामुळे मुलीच्या बारावीनंतर प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही मी आधी कागद-पेन्सिल घेतली. आम्हाला हव्या त्या शाखेला जेवढा क्रमांक लागतो त्याच्या ती बरीच मागं होती. एक वर्ष घरी बसून तयारी केली तर किती पुढं जाता येईल, याचं गणित मी जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरी."

सरी म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे'. माझी बायको इथंच, राजाजीनगरात वाढली. तिच्या माहेरच्या मराठीत असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले आहेत आणि मुलीनं ते आईकडून उचललेत. रिक्षावाल्याशी भाव जमला की सरी, भाजीवालीनं वर कोथिंबीर टाकली की सरी. मी त्याला होकार समजलो.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून गेमच्या डब्या कपाटातून काढून हॉलमध्ये रचल्या. वर सिनेमांच्या डीव्हीडीही ठेवल्या. "पुस्तकं महाग आहेत, बाबा. हे देऊन टाकू. तसंही वर्षभर खेळायचं नाहीये." तिला असं कुणीच सांगितलं नव्हतं. मला तर अभिमान वाटला. घरातली पडून राहिलेली वस्तू जाते आणि कामाची येते, खिशातून एक रुपया जात नाही. असा व्यवहार रोज होत नाही.

मालाची अवस्था लिहायचं काम मात्र मी माझ्याकडे घेतलं. तिच्यावर सोपवलं असतं तर तिनं सगळ्यांपुढं 'उत्तम' ठोकून दिलं असतं. मी प्रत्येक डिस्क टेबललॅम्पखाली धरून तिरकी करून पाहिली. चरे मोजले. एका डबीची बिजागरी तुटलेली, ती नोंदवली. आणि मग तो ट्रकचा गेम हाती आला.

त्यात डोंगराळ रस्त्यांवरून मालाचा ट्रक न्यायचा असतो. एकानं चालवायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून नकाशा पाहायचा आणि डिझेलवर लक्ष ठेवायचं. सातवी-आठवीत असताना ती चालवायची आणि मी शेजारी. रविवारी सकाळी डोसा खाऊन आम्ही बसायचो ते आंघोळीसाठी आरडाओरडा होईपर्यंत. दिसेल त्या पंपावर थांबून टाकी भरायची असा माझा नियम होता. तो तिला मुळीच मान्य नव्हता. "बाबा, आपण ट्रक चालवतोय. पंपांची पाहणी करत नाहीये."

त्या गेमच्या कव्हरवर एक लाल ठिपका होता. तो कसा आला ते सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी या शहरात आयुधपूजेचा मोठा जोर असतो. बसपासून इस्त्रीपर्यंत हरेक वस्तूला कुंकू लागतं. आणि माझ्या सांगलीच्या घरची रीत म्हणजे पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पूजेला ठेवायची. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच पाटावर होतात. माझा मायक्रोमीटर, बायकोची शिवणाची कात्री, मुलीची पुस्तकं. एका वर्षी मुलीनं पुस्तकांच्या ऐवजी हा गेम आणून ठेवला. "ज्याच्यावर आपण सगळ्यात जास्त काम करतो ते ठेवायचं ना? मग हेच." बायकोनं हसत हसत हळद-कुंकू वाहिलं. फुलावरचं पाणी सांडलं, ओलं कुंकू प्लास्टिकच्या कडेनं आत गेलं आणि कागदाच्या कव्हरवर हरभऱ्याएवढा ठिपका कायमचा बसला.

आता हा दोष कोणत्या रकान्यात घालायचा? मी 'इतर माहिती' या चौकटीत इंग्रजीत लिहिलं. मराठीत ते असं होईल: 'पुढच्या कव्हरवर एक लाल ठिपका, धार्मिक, निरुपद्रवी.'

मुलगी खांद्यावरून वाचत होती. "बाबा! धार्मिक काय? ठिपका देवळात जातो का?"

"नुसतं लाल डाग म्हटलं तर त्यांना वाटेल सॉस सांडला."

"आणि निरुपद्रवी?"

"केमिकल नाही हे कळायला नको का त्यांना?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, हळदीचं पण लिहा. नाही तर हळदीला वाईट वाटेल."

तिघंही हसलो. त्यानंतर वर्षभर असं हसणं क्वचितच झालं. तिनं स्वतःलाच असं काही बांधून घेतलं की आम्हाला काही म्हणायची जागाच उरली नाही. सकाळी टेबल, दुपारी टेबल, संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या, पुन्हा टेबल. टीव्हीवर बायकोनं टेबलक्लॉथ टाकून ठेवला. त्या दसऱ्याला बायकोनं क्रेडिटमधून घेतलेलं प्रत्येक पुस्तक पाटावर मांडलं आणि या वेळी हात जरा जास्तच सैल सोडला. कव्हरवर हळद-कुंकू, पहिल्या पानावर हळद-कुंकू. जाड पुस्तकाला मधल्या पानावरही. मुलगी हात जोडून शेजारी उभी होती. नंतर अक्षता झटकून तिनं त्यातलंच एक उघडलं आणि आत निघून गेली.

या वर्षीचा निकाल लागला. क्रमांक सुधारला, चांगला सुधारला, पण हवा होता तिथवर पोचला नाही. मी पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. सुधारणेचा हाच वेग धरला तर अजून एका वर्षात ती नक्की आत बसत होती. आकडे खोटं बोलत नव्हते.

मी पेन्सिल टेकवण्याआधीच ती म्हणाली, "बाबा, मी तिसऱ्यांदा बसणार नाही."

तिनं सगळं आधीच पाहून ठेवलं होतं. घरापासून एका बसच्या अंतरावरचं कॉलेज, गणिताची तीन वर्षांची साधी पदवी. प्रवेशाचा फॉर्म भरून तयार होता, पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. तिनं फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

मी म्हणालो, "बघू."

ती आत गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचं बघू म्हणजे नाही. मला ठाऊक आहे. आपलं लग्न ठरताना तुमच्या घरून 'बघू' आलं होतं. माझे अप्पा पंधरा दिवस नीट झोपले नव्हते."

"शेवटी हो म्हणालोच ना?"

"शेवटी. तोवर आमच्याकडं आणखी दोन स्थळं पाहून झाली होती."

शनिवारी मुलीनं पुस्तकं खोक्यात भरून दाराशी ठेवली. फॉर्मपेक्षा मला ते खोकंच जास्त लागलं. फॉर्म काय, कागद आहे, टेबलावर पडून राहतो. ते खोकं मात्र येता-जाता पायात येत होतं. पुस्तकं घरात आहेत तोवर दुसरा विचार करायला जागा आहे, असं मला वाटायचं. ती गेली की संपलं. अवस्थेचे रकाने या वेळी तिनं स्वतः भरले होते. चौदाच्या चौदा 'उत्तम'.

सोमवारी माणूस न्यायला येणार होता. रविवारी मी खात्यात जाऊन ती वेळ रद्द केली आणि गुरुवारची घेतली. खातं माझ्या नावावर असलं तरी निरोप तिच्या फोनवर जातो, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

"बाबा, पिकअप कुणी कॅन्सल केलं?"

"कॅन्सल नाही. पुढं ढकललं."

"का?"

"भाव वाढतात या दिवसांत. निकालानंतर नवी मुलं पुस्तकं घेतात."

"वाढत नाहीत. सगळे जण आत्ताच विकतात, म्हणून पडतात." ती बरोबर होती. मागणी-पुरवठ्याचं एवढं साधं गणित मला कळत नव्हतं असं नाही. तिनं माझ्यासमोर बसून पुन्हा मंगळवारची वेळ घेतली. आवाज चढवला नाही. मी उठून गॅलरीत गेलो. तिथून गच्चीवर. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पातळी पाहिली, खरं तर ती खालूनही दिसते. परत आलो तर ती जेवायला बसली होती आणि आई तिला वाढत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या त्या माझ्या येण्यानं थांबल्या.

जेवण झाल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "एक विचारू? तुमच्या कारखान्यात वेल्डिंग चुकलं तर परत करतात ना?"

"करतात."

"कितीदा?"

मी तिच्याकडे पाहिलं. हे मीच तिला कधीतरी सांगितलं असणार. एकाच जागी दोनदा. त्याच्यापुढं त्या जागेला पुन्हा उष्णता द्यायची परवानगी आम्ही देत नाही. जोड वरून चांगला दिसतो, पण आजूबाजूचा धातू थकलेला असतो.

"मुलगी म्हणजे काय लोखंड आहे का?" मी म्हणालो.

"तेच म्हणते मी." तिनं नळ बंद केला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना, बसमध्ये, मी सहज ते दुकान उघडलं. गेल्या वर्षीचं थोडं क्रेडिट उरलं होतं, एकशे बारा रुपये, आणि महिनाअखेरीला ते बुडणार होतं. बुडू देणं माझ्या स्वभावात नाही. एकशे बारा रुपयांत काय मिळतं ते पाहत पाहत मी गेमच्या विभागात गेलो. तिथं मला माझंच वाक्य दिसलं.

'पुढच्या कव्हरवर एक लाल ठिपका, धार्मिक, निरुपद्रवी.'

एका शब्दाचाही फरक न करता त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं होतं. खाली आमच्या डबीचा फोटो, त्यात आमचा ठिपका. किंमत दोनदा खाली आणलेली, आता तीनशे एकोणपन्नास. शेजारी लिहिलेलं, 'एकच शिल्लक'. बाकीच्या सगळ्या डब्या केव्हाच कुणाकुणाच्या घरी गेल्या असणार. हिला मात्र वर्षभरात कुणी हात लावला नव्हता. लावेल कोण? ज्याला कुंकू माहीत आहे तोही 'धार्मिक' वाचून दचकेल.

मी तो गेम कार्टमध्ये टाकला. पैसे भरले नाहीत. कार्डावरून भरता आले असते, अडीचशे रुपयांचाच प्रश्न होता, पण तो प्रश्न रुपयांचा नव्हता. घरात गेम आणणं म्हणजे पुढचं वर्ष अभ्यासाचं नाही, असं मीच म्हणण्यासारखं होतं. आणि फॉर्मवर तर माझी सही नव्हती. मी अॅप बंद केलं. स्टॉपवर उतरलो, कॉफी घेतली, पुन्हा उघडलं. कुणी घेतला तर नाही ना? एकच शिल्लक. वर्षभर ज्याची मला आठवण आली नव्हती ती वस्तू आता एका तासात कुणी नेईल अशी धास्ती मला लागली.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण कुणाला सांगितलं नाही, मलाही नीट सांगता आलं नसतं. पुस्तकं न्यायला एक बाई आल्या, चाळिशीच्या, हेल्मेट काखेत. खोकं उचलून पाहिलं आणि वजनानं चकित होऊन म्हणाल्या, "अब्बा! बुक्सा?"

मुलगी म्हणाली, "हौदु अक्का." म्हणजे हो, ताई.

त्यांनी टेप ओढून खोक्यावर दुसरी पट्टी मारली, फोनवर फोटो काढला आणि सहज विचारलं, "ओदि आय्ता?" म्हणजे वाचून झालं का.

"आय्तु अक्का," मुलगी म्हणाली. झालं.

मी तिथंच, चपलांच्या स्टँडजवळ उभा होतो. या घरात गेला आठवडाभर आम्ही तिघं या विषयावर बोलत होतो. मी क्रमांक सांगत होतो, ती कॉलेज सांगत होती. इतक्या हलक्या आवाजात ती माझ्याशी एकदाही बोलली नव्हती. बाईंनी खोकं खाली नेलं, स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगी दार लावून आत गेली आणि पंखा लावून भर दुपारी झोपली. मी दोनदा जाऊन पाहिलं. खरंच झोपली होती.

बुधवार, गुरुवार असेच गेले. फॉर्म टेबलावर, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून बायकोनं मिठाची बरणी ठेवलेली. मिठासाठी हात पुढं केला की फॉर्म दिसायचा. ती जागा तिनं मुद्दाम निवडली होती की कसं, मी विचारलं नाही. कारखान्यात मी एक भाग दोनदा मोजला आणि दोन वेगळी मापं आली. असं माझं होत नाही. तिसऱ्यांदा मोजायला सहकाऱ्याला दिलं.

शुक्रवारी सकाळी मुलगी लवकर उठून तयार झाली. कॉलेजची खिडकी दुपारी बंद होणार होती. तिनं बॅग खांद्याला लावली, बरणीखालून फॉर्म काढला आणि हातात धरून उभी राहिली. आणि नेमका तेव्हाच माझ्या फोनवर दुकानाचा निरोप आला.

चौदापैकी नऊ पुस्तकं पसंत. त्यांचं क्रेडिट जमा. पाच नापसंत: 'आतील पानांवर पिवळे व तांबडे डाग, स्वरूप अज्ञात, रासायनिक असण्याची शक्यता.'

मी मोठ्यानं वाचलं. बायको पोळपाट सोडून आली. "रासायनिक? हळद आहे हो ती! घरी दळलेली!"

"उत्तम लिहिलं होतं ना हिनं," मी मुलीकडे पाहिलं.

"मग काय लिहू? धार्मिक?" ती म्हणाली. पण हसली नाही.

खाली दोन बटणं होती. एक, 'परत मागवा', टपालखर्च एकशे ऐंशी, आपला. दुसरं, 'नष्ट करा', फुकट. भौतिकशास्त्राची दोन, रसायनशास्त्राचं एक, गणिताची दोन. सगळ्यात जाड आणि सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तर बायकोनं त्यांना हळद-कुंकू सगळ्यांत जास्त वाहिलं होतं. ती पाच परत आली तर घरात वर्षभराच्या अभ्यासाची सोय होत होती. बाकीची नऊ केव्हाही मिळतात.

"नष्ट म्हणजे काय करतात?" बायकोनं विचारलं.

"यंत्रात घालून तुकडे करत असतील."

"पूजेतली पुस्तकं?"

पाय लागला तर पुस्तकाला हात लावून कपाळाला लावायचा, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी 'परत मागवा' दाबलं. एकशे ऐंशी रुपये गेले. ती पुस्तकं देवासाठी मागवतोय की परीक्षेसाठी, हे दाबताना माझं मलाच माहीत नव्हतं. दोन्हीसाठी, असं म्हणायला हरकत नाही.

मुलगी माझ्या फोनकडेच पाहत होती. तिनं बॅगचा पट्टा खांद्यावरून काढला, बॅग खुर्चीवर ठेवली. फॉर्म परत टेबलावर ठेवला, वर मिठाची बरणी ठेवली, नीट, कडेला कड लावून.

"सरी," ती म्हणाली.

हेच ती मागच्या वर्षी याच टेबलाशी म्हणाली होती. त्या वेळी मी कागदाकडे पाहत होतो. आज तिच्याकडे पाहत होतो. भाजीवालीनं कोथिंबीर टाकल्यावर ती म्हणते त्यात आणि यात काहीही साम्य नव्हतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"सरी नाही," मी म्हणालो. "फॉर्म दे इकडं."

ती हलली नाही. मीच बरणी उचलली, घाईत झाकण पडलं आणि मीठ टेबलावर सांडलं. पेन शोधायला मला वेळ लागला, ते खिशातच होतं. सही केली. दिलेल्या चौकटीबाहेर गेली ती.

"आणि पुस्तकं?" मुलीनं विचारलं.

"पुस्तकांचं पुस्तकं बघतील. तुझी बस चुकेल."

"बाबा, नंतर परत गणित मांडणार नाही ना?"

"मांडीन," मी म्हणालो. "दाखवणार नाही."

ती गेली. बायकोनं मीठ गोळा केलं, म्हणाली, "सांडलेलं मीठ परत बरणीत घालायचं नसतं," आणि घातलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कोपऱ्यावर ती वळेपर्यंत मी पाहत होतो. मग मी कार्ट उघडलं. गेम होता. नऊ पुस्तकांचं क्रेडिट आणि उरलेले एकशे बारा मिळूनही तीनशे एकोणपन्नासला अडतीस रुपये कमी पडत होते. ते मी रोखीनं भरले. या सगळ्या दोन फेऱ्यांचा हिशोब केला तर एवढी पुस्तकं आणि एवढे गेम देऊन आम्ही आमचाच एक गेम परत मिळवला, वर अडतीस रुपये आणि टपालखर्च आपल्या पदरचा. कारखान्यात असा व्यवहार मी मंजूर केला नसता.

पाच पुस्तकं आधी आली. ती मी मराठी मंडळाच्या वाचनालयात दिली. तिथं शास्त्राचं कपाट नाही, म्हणून ती दिवाळी अंकांच्या शेजारी ठेवली आहेत. कुणी नेली की नाही ते मी अजून विचारलेलं नाही, जाताना पाहतो मात्र.

गेम रविवारी आला. मुलीनं पाकीट फाडलं, डबी उलटी केली, सुलटी केली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे तर आपलंच आहे!"

"एकच शिल्लक होता," मी म्हणालो.

तिनं टीव्हीवरचा टेबलक्लॉथ ओढून काढला. कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ होता. मी शेजारी बसलो, नकाशा माझ्याकडे. बसल्या बसल्या दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. तीन वर्षांच्या साध्या पदवीनंतर काय, हे मला अजून कळलेलं नाही. पेन्सिल हाताला लागली की मी मांडून पाहतो, आणि उत्तर दर वेळी निराळं येतं. कागद मी ऑफिसात ठेवतो.

घाट सुरू झाला. डिझेलचा काटा पाव टाकीच्या खाली आला होता.

"डावीकडं पंप आहे," मी म्हणालो. "थांब."

"पुरेल, बाबा."

"नाही पुरणार. पुढं बारा किलोमीटर चढ आहे."

"माहितीये."

पंप डावीकडून आला आणि मागं गेला. तिनं गिअर टाकला. मी काट्याकडे पाहत राहिलो.